बेळगावची लेक, बन्नूची डॉक्टरीणबाई

१७ जुलै १८७४ रोजी बेळगावात एका पारशी ख्रिस्ती कुटुंबात मुलगी जन्मली. तिचं नाव अ‍ॅलिस. ही अ‍ॅलिस सोराबजी पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि १९०८ साली लग्न करून अफगाणिस्तानच्या सरहद्दीजवळच्या बन्नू गावी राहायला गेली. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात तिने पठाण बायका-पोरांची दुखणी-बाणी पाहिली. सरहद्दीवरच्या पठाणांमध्ये ख्रिस्ती मिशनने जे काम केलं, त्याची थोरवी इंग्रजी पुस्तकांत पानोपानी सांगितली आहे. त्या कामात बेळगावात जन्मलेली एक बाई होती, हे मात्र बेळगावातच फारसं कुणाला ठाऊक नाही.

मी येळ्ळूरचा. बेळगावच्या दक्षिणेला राजहंसगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. गडावर चढलं की खाली भाताची खाचरं आणि पलीकडे सगळं बेळगाव शहर दिसतं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आमच्या भागाचा इतिहास म्हटला की किल्ला, पेशवाई, १९५६ ची प्रांतरचना आणि त्यानंतरचा सीमालढा एवढं आपोआप तोंडी येतं. ते यायलाच हवं. या लढ्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पण एखाद्या गावाचा इतिहास म्हणजे त्या गावात काय घडलं एवढाच नसतो. त्या गावातून कोण बाहेर पडलं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं काय केलं, हेही त्यातच येतं. अ‍ॅलिस सोराबजीची गोष्ट मला त्यासाठी सांगायची आहे.

बन्नू हे नाव मी लहानपणीच ऐकलं होतं. आमचा आज्जा मराठा पलटणीत होता. १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र बेळगावात आहे आणि येळ्ळूर, वडगाव, शहापूर, खानापूर या भागातली कितीतरी घरं तिच्या पगारावर उभी राहिली. आज्जा वझिरिस्तानात जाऊन आला होता. थंडीच्या दिवसांत परड्यात शेकोटी केली की तो सांगायचा, "दिवस बुडाला की कुंपणाच्या भायेर पाय टाकायचा न्हाई. कुठल्या दगडामागनं गोळी येईल, सांगता यायचं न्हाई." पठाणाबद्दल त्याच्या बोलण्यात राग नसे. नेमबाजीचं कौतुक असे, पाहुणचाराचं त्याहून जास्त. घरी आलेल्या शत्रूलाही पठाण भाकरी घालतो, असं तो सांगायचा. आम्हा पोरांना पठाण माहीत होता तो म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातला: हिंग आणि सुकामेवा घेऊन गावोगाव फिरणारा, उसने पैसे देणारा आणि वसुलीला दारात काठी आपटत उभा राहणारा. हाच माणूस त्याच्या मुलखात कसा राहतो, हे आज्ज्याच्या तोंडून कळलं. त्याच मुलखात बंदुकीशिवाय, कुंपणाशिवाय राहिलेल्या एका जोडप्याबद्दल मात्र मी फार पुढे वाचलं.

मराठी आणि पश्तो या दोन भाषांची गाठ मिशनच्या इतिहासात त्याआधीच पडली होती, आणि तीही बंगालमध्ये. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी हिंदुस्थानातल्या एकेका भाषेत बायबल उतरवायला बसले होते. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्यांना मदत करत. १८०५ साली त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८१० साली कोश आणि १८११ साली मराठी नवा करार. त्याच छापखान्यातून १८१८ साली पश्तो नवा करार बाहेर पडला. त्यातल्या सुरुवातीच्या भागावर जॉन लेडन या स्कॉटिश भाषापंडिताने काम केलं होतं. ज्या साली पेशवाई बुडाली आणि एप्रिल महिन्यात जनरल मन्रोने वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला, त्याच साली पठाणांच्या भाषेत छापलेलं हे पुस्तक तयार झालं. त्याची एक प्रत हरिद्वारच्या जत्रेत एका पठाणाच्या हाती पडली आणि त्याने ती पाण्यापासून, आगीपासून जपत कित्येक वर्षं घरी ठेवली, अशी गोष्ट मिशनच्या जुन्या पुस्तकांत सांगितली जाते. ते पुस्तक वाचून तो ख्रिस्ती झाला, असं ती गोष्ट सांगत नाही. त्याने ते जपलं, एवढंच सांगते. सरहद्दीवरच्या मिशनचा पुढचा सगळा इतिहास वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. पठाणाने मिशनऱ्याचा धर्म क्वचितच घेतला, पण चांगल्या भावाने दिलेली वस्तू तो सहसा टाकून देत नसे.

इकडे बेळगावात किल्ला पडल्यावर दोनच वर्षांत मिशन आलं. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावला आले. पुढे विल्यम बेनन आले आणि त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं इथं काढली. आजच्या बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात ते अजून आहेत. छावणी असल्यामुळे बेळगावात तमिळ बोलणारे शिपाई होते, गावात मराठी होती, आसपास कानडी. मिशनला तिन्ही भाषांशी जुळवून घ्यावं लागलं. १८५६ साली जेझुइटांचं सेंट पॉल्स सुरू झालं. १९०४ साली लंडनवाल्यांनी आपलं इथलं काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे सोपवलं. धर्मांतरं किती झाली, याचा हिशेब मिशनच्या अहवालांत असे. गावाच्या जमेला राहिल्या त्या शाळा. आमच्या भागातल्या पहिल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्या त्यांतूनच निघाल्या, आणि त्यात बहुतेक सगळे हिंदू होते.

सोराबजी कुटुंब याच काळात काही वर्षं बेळगावात होतं. अ‍ॅलिसचे वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी पारशी समाजात असं करणं म्हणजे घरादाराला मुकणं. १८३९ साली मुंबईत दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि सगळा समाज पेटून उठला होता. सोराबजींनाही भाऊबंदांचा रोष सोसावा लागला. पुढे ते नाशिकला चर्च मिशनच्या कामात होते. नाशिकजवळ मिशनने शरणपूर ही वसाहत वसवली होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळे. त्यांतली काही मुलं मोठी होऊन पुन्हा आफ्रिकेत गेली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव मध्य आफ्रिकेतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. गोदेकाठच्या वसाहतीतून माणसं आफ्रिकेच्या अंतर्भागात पोचत होती. तेव्हा सोराबजींच्या घरातली एक मुलगी सरहद्दीवर पोचली यात तसं नवल नाही.

अ‍ॅलिसची आई फ्रान्सिना ही त्या घराची खरी धुरीण. दक्षिणेकडच्या एका मुलीला फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेतलं, ती ही. १८७६ साली तिने पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं. त्याखेरीज तिने मराठी, गुजराती आणि उर्दू मुलांसाठीही शाळा चालवल्या. मुलींनी शिकायचं, आणि शिकून स्वतःचं काम उभारायचं, हा त्या घराचा दंडकच होता. १८६६ साली नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया, जिचं सुरुवातीचं बालपण बेळगावात गेलं, ती डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाली, ऑक्सफर्डला कायदा शिकली आणि पडद्याआडच्या बायकांच्या मालमत्तेसाठी वर्षानुवर्षं भांडली. सूझीने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा काढली, ती आजही आहे. आणि सगळ्यांत धाकटी अ‍ॅलिस वैद्यकीकडे वळली.

तेव्हा हिंदुस्थानातल्या मुलीला डॉक्टर व्हायचं तर लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन हे मोठं दार होतं. आपल्या रखमाबाई तिथेच शिकल्या. अ‍ॅलिसने तिथून १९०५ साली पदवी घेतली आणि परत येऊन बहावलपूर संस्थानातल्या झनाना रुग्णालयात काम केलं. १९०८ साली तिने बन्नूच्या डॉ. थिओडोर पेनेल यांच्याशी लग्न केलं. पेनेल तोवर सरहद्दीवर नामांकित झाले होते. त्यांच्याकडे येण्यापूर्वी बन्नूची आणि तिथल्या मिशनची थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्याशिवाय त्या दोघांनी काय केलं ते नीट कळत नाही.

बन्नू कुर्रम आणि तोची या नद्यांच्या सपाटीवर आहे. पाण्यामुळे हिरवंगार, भोवती मात्र उघडेबोडके डोंगर, आणि डोंगरात वझीर पठाणांच्या टोळ्या. १८४८ साली हर्बर्ट एडवर्ड्‌स या अधिकाऱ्याने तिथे किल्ला आणि गाव वसवलं. गावाला पुढे त्याचंच नाव लागलं, एडवर्ड्‌साबाद. हाच एडवर्ड्‌स १८५३ साली पेशावरचा आयुक्त झाला. त्याच्या आधीचा आयुक्त मॅकेसन याचा मिशनला विरोध होता. पठाणांच्या धर्मात हात घातला तर आग लागेल, असं त्याला वाटे. एका पठाणाने त्यालाच भोसकून मारलं. त्याच्या जागी आलेल्या एडवर्ड्‌सने त्या वर्षअखेरीस पेशावरात सभा भरवून मिशनच्या पाठीशी आपलं वजन उभं केलं. कार्ल फांडर हे मुसलमानांशी वादविवाद करण्यात मुरलेले जर्मन मिशनरी तिथे आले. बाजारात उभं राहून उपदेश, त्यावर मुल्लांचे सवाल, जवाब, कधी दगड, अशी तिथली रीत पडली. काही माणसं खरोखर विचार करून पलीकडे गेली. दिलावर खान हा त्यांतला सर्वांत गाजलेला. सरकारने ज्याच्या डोक्यावर इनाम लावलं होतं असा हा दरोडेखोर गाइड्स पलटणीत भरती झाला, सुभेदार झाला आणि फांडर यांच्याशी दीर्घकाळ वाद घालून शेवटी ख्रिस्ती झाला. पण अशी माणसं बोटांवर मोजण्याएवढीच.

याचं कारण उघड आहे आणि ते लपवू नये. मिशनरी आला तो तोफांच्या मागून. ज्या हातांनी किल्ला बांधला त्याच हातांनी मिशनच्या वर्गणीच्या यादीवर सह्या केल्या. पठाणाला धर्म म्हणजे त्याची टोळी, त्याची इज्जत, त्याचं स्वातंत्र्य. धर्म सोडणं म्हणजे साहेबापुढे शस्त्र टाकण्यासारखं. मिशनऱ्यांपैकी किती जणांना हे उमगलं होतं, हे त्यांच्या लिहिण्यावरून कळतं. पेनेल यांना ते उमगलं होतं, असं मला त्यांचं पुस्तक वाचताना वाटतं.

पेनेल १८९२ साली आईला बरोबर घेऊन हिंदुस्थानात आले आणि १८९३ मध्ये बन्नूत स्थिरावले. लंडनला सुवर्णपदकं मिळवलेला, शल्यक्रियेत तरबेज माणूस. त्याने पठाणी सलवार, कुर्ता आणि फेटा हाच आपला वेश केला. पश्तो अशी शिकला की हुजऱ्यात, म्हणजे पठाणांच्या पाहुण्यांच्या बैठकीत, बसून गप्पा मारता याव्यात. टोळ्यांच्या मुलखात तो बंदूक न घेता जाई आणि रात्री जिथे बाज मिळेल तिथे झोपे. पठाणाच्या रीतीप्रमाणे पाहुणा एकदा उंबऱ्याच्या आत आला की त्याचा जीव ही यजमानाची जबाबदारी. पेनेल यांनी त्या रीतीवर भार टाकला आणि ती रीत त्यांच्या बाबतीत मोडली नाही. सरहद्दीवर एकटा पेनेल म्हणजे दोन पलटणी, असं इंग्रज अधिकारी म्हणत. पेनेल यांना मात्र पलटण म्हणून ओळखलं जाणं नको होतं. एकदा ते साधूच्या वेशात, खिशात पैसा न ठेवता, आपल्या एका पठाण विद्यार्थ्याला घेऊन सायकलवरून पंजाबात फिरले. बन्नूच्या मिशन शाळेतल्या हिंदू-मुसलमान मुलांचा फुटबॉलचा संघ घेऊन १९०६ साली ते कोलकात्यापर्यंत गेले. टोळीचं वैर ज्यांच्या रक्तात भिनलेलं, ती पोरं एका संघात खेळली, यात त्यांना बाजारातल्या उपदेशाइतकंच मोल वाटे.

दवाखाना हे त्यांच्या कामाचं खरं केंद्र. तिथे येणाऱ्या जखमा सरहद्दीच्या जीवनाचा नकाशाच होत्या. सूड हा पठाणाचा कायदा. म्हणून गोळ्यांच्या आणि तलवारीच्या जखमा. डोंगरातला धूर आणि धूळ, म्हणून डोळ्यांची दुखणी. मोतीबिंदूसाठी लोक अफगाणिस्तानातून दिवसच्या दिवस चालत येत. थंडीच्या आरंभी खिंडींतून उंटांचे तांडे घेऊन खाली उतरणारे पोविंदे तिथूनच जात. तेच पुढे हिंग, मेवा आणि उसने पैसे घेऊन हिंदुस्थानच्या गावोगावी पसरत. आमच्या येळ्ळूरच्या म्हाताऱ्यांनी दारात पाहिलेला पठाण बन्नूच्या दवाखान्याच्या अंगणात आजारी पोर खांद्यावर घेऊन बसलेला असे. रोग्याबरोबर सगळं घरच येई, बाजेवर घालून त्याला आणी आणि बरा होईपर्यंत मुक्काम करी. पेनेल यांनी त्यांना हाकललं नाही. इस्पितळातच सराईसारखी सोय ठेवली.

आणि नाकं. बायकोच्या चारित्र्याचा नुसता संशय आला तरी नवरा तिचं नाक कापी. पेनेल यांनी आपल्या पुस्तकात असा एक नवरा लिहून ठेवला आहे. रागाच्या भरात बायकोचं नाक कापलं, मग पस्तावला आणि तिला घेऊन दवाखान्यात आला. इंग्लंडहून कृत्रिम नाक मागवावं लागेल, त्याला तीस रुपये पडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणूस बराच वेळ गप्प. काय विचार करतोस, असं विचारल्यावर म्हणाला की ऐंशी रुपयांत नवी बायको मिळते, याचा हिशेब करतोय. त्या मुलखात बाईची किंमत काय होती, ते पेनेल यांनी एवढ्यात सांगितलं आहे. त्या दोघांमध्ये ती बाई बसलेली आहे, चेहऱ्यावर फडकं धरून, आणि तिला कुणी काही विचारत नाही. मला त्या प्रसंगात तीच दिसते.

कापलेलं नाक पुन्हा उभं करण्याची विद्या युरोपला मिळाली ती आपल्याकडून, हे इथं सांगायला हवं. कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या लढाईत कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुणे भागातल्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी तिथून ही रीत उचलली. बन्नूत कापल्या नाकांवर जे उपचार होत, त्यांच्या मुळाशी मराठी मुलखातल्या एका अनाम कुंभाराचा हात होता.

अशा ठिकाणी डॉ. अ‍ॅलिस पेनेल पोचली. तिचं तिथे असणं म्हणजे काय, याचा विचार करावा. पडद्यातली पठाण बाई परपुरुषाला, मग तो कितीही भला असो, अंग दाखवत नाही. तिचं दुखणं नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचायचं, आणि नवरा सांगेल तेवढंच. तिथे आता स्त्री डॉक्टर आली. गोरी मेम नव्हे, हिंदुस्थानी बाई, साडी नेसणाऱ्या घरातली, जनान्याची रीत जाणणारी. बहावलपूरला तिने हेच काम केलं होतं. नाकावर फडकं धरून बसलेल्या बाईला, तुझं काय दुखतंय, असं विचारणारं कुणीतरी त्या दवाखान्यात आलं. मिशनच्या इतिहासात नवऱ्याचं नाव मोठं आहे, ते असावंच. पण दवाखान्याच्या दाराआड जे काम झालं, त्याचा अर्धा भाग बाईशिवाय होणंच शक्य नव्हतं.

त्यांचा संसार साडेतीन वर्षांचा. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांचे सहकारी डॉ. बार्नेट यांना एका रोग्यावर उपचार करताना रक्तात विषबाधा झाली. पेनेल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि ती बाधा त्यांनाही झाली. तेव्हा अशा जंतूंवर औषध नव्हतं. बार्नेट गेले आणि काही दिवसांतच, २३ मार्चला, पेनेलही गेले, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत. बन्नूतले हिंदू, मुसलमान, डोंगरातून उतरून आलेले टोळीवाले त्यांच्या अंत्ययात्रेला लोटले.

अ‍ॅलिस तेव्हा अडतिसाव्या वर्षात होती. १९१४ साली तिने नवऱ्याचं चरित्र लिहून प्रसिद्ध केलं. पेनेल यांच्याविषयी आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्या पुस्तकामुळे. पुढे तिने कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतली 'चिल्ड्रन ऑफ द बॉर्डर' १९२६ साली निघाली आणि तिच्यात सरहद्दीचंच जग आहे. १९५१ साली ती वारली.

आता या सगळ्याचा हिशेब काय मांडायचा? धर्मांतराच्या मापाने मोजलं तर सरहद्दीवरचं मिशन फसलं, असंच म्हणावं लागेल. पण माझ्या मते ते माप चुकीचं आहे, आणि चुकीचं का आहे ते सांगायला मला एकच माणूस पुरतो. पेशावरच्या मिशन शाळेत एक पठाण मुलगा शिकला. तिथले मुख्याध्यापक रेव्हरंड विग्रम यांनी सेवेचं जे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं, त्याचा आपल्यावर फार परिणाम झाला, असं तो पुढे सांगे. त्याने धर्म बदलला नाही. तो पाच वेळा नमाज पढणारा मुसलमान राहिला. त्याने आपल्या लोकांसाठी शाळा काढल्या, सूड सोडायला लावला आणि लाखभर पठाणांच्या हातातली बंदूक खाली ठेवून त्यांना खुदाई खिदमतगार केलं. तो खान अब्दुल गफार खान. १९३४ साली सरकारने त्याला सरहद्दीवर जायला बंदी केली तेव्हा त्याला आसरा दिला वर्ध्याने. त्याच वर्षी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये त्याने भारतीय ख्रिस्ती मंडळींपुढे भाषण केलं, आणि त्या भाषणाबद्दल सरकारने त्याला वर्ध्यातून पकडून दोन वर्षं तुरुंगात टाकलं. ती संस्था अमेरिकन मराठी मिशनची. मिशन शाळेत शिकलेला मुसलमान पठाण, मराठी मिशनच्या सभागृहात, ख्रिस्त्यांपुढे बोलतो आणि इंग्रज सरकार त्याला शिक्षा करतं. ज्या राज्याच्या तोफांमागून मिशन सरहद्दीवर आलं, त्याच राज्याविरुद्ध त्या मिशनच्या शाळेतला विद्यार्थी निःशस्त्र उभा राहिला. शिक्षणाचं याहून मोठं फळ मला माहीत नाही.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमच्याकडे अवघड दुखणं झालं की पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला नेतात. तिथे १८९४ पासून डॉ. वॉनलेस यांनी इस्पितळ उभारलं, वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं. आमच्या घरातल्या किती म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू तिथे निघाले असतील. बरे होऊन परत येणाऱ्यांनी घरच्या देवाला नारळ फोडला, चांगळेश्वरीची ओटी भरली आणि डॉक्टरांना दुवा दिला. त्यात कुणालाच विसंगती वाटली नाही. बन्नूच्या पठाणानेही हेच केलं. औषध घेतलं, अल्लाचं नाव घेतलं आणि डॉक्टरांना आपल्या हुजऱ्यात बसवून जेवू घातलं.

बन्नूत पेनेल यांच्या नावाचं हायस्कूल आहे, इस्पितळ आहे. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या डोनाल्ड कॉगन यांची मुलगी डॉ. रूथ कॉगन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच इस्पितळात बायकांसाठी अनेक वर्षं काम केलं. अ‍ॅलिसने ज्या कामाला हात घातला ते तिच्यानंतरही बायकांनीच पुढे नेलं. त्याच प्रांतात २०१३ साली पेशावरच्या ऑल सेंट्‌स चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर बॉम्बस्फोट झाले आणि कितीतरी माणसं मेली. तिथली ख्रिस्ती माणसं आज फार थोडी आहेत आणि भीतीच्या छायेत राहतात. दीडशे वर्षांमागे तोफांच्या सावलीत जे सुरू झालं, त्याची किंमत आता कुणाचंही पाठबळ नसलेली गरीब माणसं मोजत आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटली पाहिजे. परमुलखात थोडके राहिलेल्या माणसांना काय सोसावं लागतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बेळगावात अ‍ॅलिस पेनेलच्या नावाची पाटी मी कुठे पाहिलेली नाही. तिच्या नावाने पुतळा उभारा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं साधं आहे. बेळगावच्या शाळांत स्थानिक इतिहासाचे जे चार धडे शिकवले जातात, त्यांत एक पान तिला द्या. मराठी शाळेत द्या, कानडी शाळेत द्या, उर्दू शाळेत द्या. ती तिघांच्याही वाटणीला येते आणि कुणा एकाची नाही. पारशी बापाची, दक्षिणेतून दत्तक गेलेल्या आईची, बेळगावात जन्मलेली, पुण्यात वाढलेली आणि पठाणांची सेवा केलेली ही बाई कुठल्या भाषेच्या, कुठल्या राज्याच्या यादीत घालायची, असा प्रश्न पोरांना पडला तर बरंच. त्या प्रश्नातून त्यांना कळेल की माणूस आपल्या गावाचा असतो आणि तरीही गावाच्या वेशीबाहेर त्याचं कर्तव्य असतं. येळ्ळूरच्या माणसाने आपल्या भाषेसाठी हट्टाने उभं राहावं, मीही राहिलो आहे. त्याच हट्टाने त्याने दुसऱ्याच्या मुलखातल्या, दुसऱ्या धर्मातल्या, आपली भाषा न कळणाऱ्या माणसाच्या दुखण्याला धावून जावं. ही दोन्ही कामं एका माणसाला जमतात. बेळगावात जन्मलेल्या एका मुलीने शंभर वर्षांपूर्वी त्यातलं अवघड काम करून दाखवलं आहे.